जुना लॅपटॉप पुन्हा धावता करायचा तर

“लॅपटॉप स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या.” माझ्याकडे मशीन घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असतं. मी विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात लॅपटॉप-प्रिंटर दुरुस्तीचं काम करते. फॉरमॅट मारून द्यायला माझी ना नाही. पण त्याने मशीन थोडे दिवस हलकं वाटतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. कारण दुखणं तिथे नसतंच.

लॅपटॉप सगळाच्या सगळा एकदम म्हातारा होत नाही. प्रोसेसर सहसा झिजत नाही. २०१५ सालचा आय-थ्री आजही पहिल्या दिवशीइतकंच काम करतो. मागे पडते ती फिरती हार्ड डिस्क, अपुरी पडते ती रॅम, आणि आत साचलेल्या धुळीमुळे प्रोसेसर तापून आपला वेग आपणच उतरवतो. या तिन्हीवर इलाज आहे. तो घरी बसून करता येतो आणि नव्या लॅपटॉपच्या मानाने खर्च थोडका असतो. फक्त आधी कोणता भाग अडवतोय ते शोधायचं आणि मगच खिशात हात घालायचा. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात आणि मशीन होतं तिथेच राहतं.

पुढचं सगळं एका मशीनला धरून सांगते. आमच्याच इमारतीतल्या एका वहिनींचा लॅपटॉप : २०१५ सालचा, १५.६ इंची, आय-थ्री ५००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. मुलगी टीवाय बीकॉमला, टॅली शिकतेय. वहिनींनी विचारलं, “ताई, यात पैसे घालू की हप्त्यावर नवीनच घेऊ? खरं सांगा.” मी म्हटलं, “वहिनी, आधी बघू तरी नेमकं काय अडतंय.”

तपासणी

मशीन सुरू करा आणि दहा मिनिटं हात लावू नका. सुरू झाल्या झाल्या विंडोज स्वतःचीच कामं काढून बसलेलं असतं, त्या वेळचे आकडे फसवे. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातलं परफॉर्मन्सचं पान समोर ठेवा आणि नेहमीचं काम सुरू करा : ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब, एखादी एक्सेल फाइल, टॅली असेल तर टॅली.

डिस्क १०० टक्क्यांना चिकटून बसली आणि सीपीयू मात्र वीस-तीस टक्क्यांवर रेंगाळतोय, तर दोष हार्ड डिस्कचा. मेमरी पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांच्या वर, तर रॅम कमी. काहीही उघडलेलं नसताना सीपीयू शंभरावर असेल तर प्रोसेसेसच्या यादीत वर कोण आहे ते बघा. बऱ्याचदा तिथे एकाच वेळी चालणारे दोन-दोन अँटिव्हायरस सापडतात. एक काढून टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो.

चौथी गोष्ट फारसं कोणी बघत नाही. सीपीयूच्या पानावर खाली ‘स्पीड’ दिसतो. काम चालू असताना तो आकडा ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकून राहिला, तर दोन शक्यता : मशीन तापतंय, किंवा चार्जर चुकीचा आहे. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जरच्या मधल्या बारीक पिनेतून चार्जर आपलाच आहे का, किती वॉटचा आहे, हे वाचतात. ओळख पटली नाही तर बॅटरी चार्ज करत नाहीत आणि प्रोसेसरचा वेगही खाली ओढतात. स्टेशनबाहेरून घेतलेला स्वस्त चार्जर, किंवा मधली पिन वाकलेला जुना ओरिजिनल, एवढ्यावरून माणसं नवा लॅपटॉप घेऊन मोकळी होतात. चार्जरच्या लेबलवरचे आकडे वाचा. व्होल्ट जुन्याइतकेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॉट.

हार्ड डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. निळं ‘गुड’ दिसलं तर ठीक. पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर बाकी सगळं थांबवून आधी डेटा बाहेर काढा. ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरचे, म्हणजे डिस्कच्या खराब आणि संशयित तुकड्यांचे, आकडे वाढत चाललेली डिस्क कधी दगा देईल ते सांगता येत नाही. लोकलच्या गर्दीत पाठीवर रोज मार खाणाऱ्या लॅपटॉपमध्ये हे मी फार बघते, विशेषतः झाकण नुसतं मिटून, स्लीपमध्ये जायच्या आत बॅगेत कोंबलेल्या मशीनमध्ये. डिस्क फिरत असताना बसलेला धक्का सगळ्यात वाईट.

वहिनींच्या मशीनवर डिस्क सलग १००, मेमरी ८८, सीपीयू निवांत. डिस्कची तब्येत निळी. पंखा मात्र सतत घोंगावत होता आणि डाव्या बाजूच्या जाळीतून बाहेर येणारी हवा जेमतेम होती. तिन्ही रोग हजर, आणि तिन्ही बरे होणारे.

डेटा बाहेर काढा, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स लोकांच्या लक्षात असतात. विसरतात ते टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, श्रीलिपीचे फॉण्ट, आणि डी ड्राइव्हवर कुठेतरी पडलेले बारशाचे फोटो. हे सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि कॉपी झालेल्या दोन-चार फाइली तिथूनच उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे बॅकअप झाला असं नाही.

मशीन थोडं अलीकडचं असेल तर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे का तेही बघून घ्या. चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर लिहा. बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्राममधली, एखादी सेटिंग बदलल्यावर मशीन ती मागू शकतं, आणि ती नसेल तर आतला डेटा कायमचा बंद.

एसएसडी : पैसे घालायचे तर आधी इथे

एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर एसएसडी घ्या, म्हणजे फिरत्या डिस्कऐवजी चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह. रॅम नंतर, बॅटरी नंतर.

कारण समजून घ्या. लॅपटॉपची साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. वाचणारी दांडी योग्य पट्ट्यावर न्यायची आणि हवा तो भाग खाली फिरून येईपर्यंत थांबायचं, यात प्रत्येक वेळी वेळ जातो. सलग एक मोठा सिनेमा कॉपी करायचा तर ती बऱ्यापैकी चालते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइली इकडून-तिकडून वाचाव्या लागतात, आणि असे विखुरलेले तुकडे ती सेकंदाला शंभरसुद्धा वाचू शकत नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. साधी साटा (हार्ड डिस्कच्याच जोडावर बसणारी) एसएसडीही असे तुकडे सेकंदाला हजारोंनी वाचते. म्हणून जुन्या मशीनमध्ये एसएसडी टाकल्यावर पडणारा फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

२.५ इंची साटा एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी थेट बसते. २०१७-१८नंतरच्या बऱ्याच मशीनमध्ये एम.२ची खाच असते, पण तिथे सावध राहा. दिसायला सारख्याच असलेल्या एम.२ पट्ट्या दोन जातीच्या येतात, साटा आणि एनव्हीएमई. काही मशीन दोन्ही घेतात, काही एकच. आपल्या मॉडेलची माहिती कंपनीच्या साइटवर वाचल्याशिवाय खरेदी नको.

किती जीबीची? विंडोज, ऑफिस आणि टॅलीला २५६ पुरते. फोटो-व्हिडिओ असतील, किंवा पुढे सांगणार आहे तशा दोन सिस्टिम ठेवायच्या असतील, तर ५०० घ्या.

मी खरेदीला लॅमिंग्टन रोडला जाते. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं असलं तरी विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणायचं. विक्रोळीहून दादरला गाडी बदलायची आणि ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. कामाच्या दिवशी दुपारपर्यंत जा. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. भाव दुकानागणिक आणि आठवड्यागणिक हलतात, म्हणून तीन ठिकाणी विचारून मगच घ्या. पक्कं बिल घ्या, बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि तो नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर तिथल्या तिथे मोबाइलवर टाकून बघा. दुकानदाराला घाई असली तरी तुम्ही घाई करू नका. नाव न ऐकलेल्या कंपनीची भल्यामोठ्या क्षमतेची ड्राइव्ह निम्म्या भावात मिळत असेल तर हात लावू नका. आत थोडीच मेमरी असते आणि विंडोजला खोटा आकडा दाखवला जातो. ती भरत आली की नव्या फाइली जुन्यांवर चढतात आणि दोन्ही खराब होतात. एचटूटेस्टडब्ल्यू हे छोटं फुकट सॉफ्टवेअर संपूर्ण ड्राइव्ह लिहून-वाचून ही लबाडी पकडतं. सेकंड हँड रॅम मी बिनधास्त घेते, सेकंड हँड एसएसडी नाही. रॅम सहसा झिजत नाही. एसएसडीची लिहिण्याची क्षमता वापराबरोबर संपत जाते.

आता बसवणं. चार्जर काढा, बाहेरून निघणारी बॅटरी असेल तर ती काढा आणि पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. हातातून स्थिर वीज भागांवर जाऊ नये म्हणून आधी एखाद्या उघड्या धातूच्या नळाला हात लावा. लॅपटॉप जाड टॉवेलवर पालथा ठेवा. स्क्रू साधारण पीएच झीरो मापाचे असतात. माप चुकलं की डोकं घासून गोल होतं आणि मग तो स्क्रू निघता निघत नाही. एका कागदावर लॅपटॉपची आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने चिकटवा. लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो थेट मदरबोर्डमध्ये किंवा कीबोर्डखाली घुसतो.

सगळे स्क्रू काढूनही झाकण निघत नसेल तर जोर लावू नका. रबरी पायांखाली आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या कडेला एखादा दडलेला असतो. मग बाद झालेलं एटीएम कार्ड फटीत सरकवत कडेकडेने जा, एकेक क्लिप ‘टक्’ करून सुटते. काही मशीनमध्ये उलटं असतं, वरून कीबोर्डचा भाग काढावा लागतो, आणि त्याखाली पातळ, चपट्या रिबन केबल असतात. त्या ओढायच्या नाहीत. जोडाच्या कडेला काळी किंवा पांढरी बारीक पट्टी असते, ती नखाने वर उचलली की केबल आपोआप मोकळी होते. ही पट्टी तुटली तर कीबोर्ड किंवा टचपॅड गेला म्हणून समजा. सगळ्या कामात इथेच सगळ्यात सावकाश जायचं. आत बॅटरी दिसली की तिची केबल सर्वात आधी काढायची.

हार्ड डिस्क धातूच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसलेली असते. ती बाहेर काढा, चौकट नव्या एसएसडीला लावा आणि परत सरकवा. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड असेल आणि एसएसडी ७ची, तर ती आत हलू नये म्हणून बरोबर आलेली चौकट चिकटवा. नसेल आली तर फोमची पातळ पट्टी लावा, पण सर्किट किंवा जोडावर येणार नाही अशी.

सॉफ्टवेअर जसंच्या तसं उचलून नव्या डिस्कवर न्यायचं की नवं टाकायचं? माझं मत स्पष्ट आहे, नवंच टाका. सात-आठ वर्षांचा कचरा नव्या एसएसडीवर कशाला वाहून न्यायचा? मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज तयार करा. ओरिजिनल विंडोजसह आलेला लॅपटॉप असेल तर लायसन्स पुन्हा विकत घ्यायची गरज नाही, ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्कशी नाही. की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय निवडा, आधी होती तीच आवृत्ती निवडा, आणि इंटरनेट लागलं की ते स्वतःच ॲक्टिव्हेट होतं. बायोसमध्ये साटा मोड ‘एएचसीआय’ आहे याची खात्री इन्स्टॉल करण्याआधी करा. आणि एसएसडीवर डिफ्रॅग कधीच चालवायचं नाही. विंडोज तिची निगा ट्रिमने स्वतः राखतं.

रॅम

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ लिहिलेलं असतं. १ ऑफ २ असेल तर दुसरी पट्टी घाला. १ ऑफ १ असेल तर आहे ती काढून मोठी घाला. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे हा मार्ग बंद. आजच्या ब्राउझरला ४ जीबी पुरत नाही, ८ जीबी हवीच. साध्या वापराला १६ची गरज नाही, तो पैसा बॅटरीसाठी ठेवा.

जुन्या मशीनमध्ये फसगत होते ती इथे. डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. खाच एकच, त्यामुळे पट्टी व्यवस्थित बसते, पण वहिनींच्या मशीनसारखा चौथ्या-पाचव्या पिढीचा ‘यू’ प्रोसेसर १.३५चीच मागतो. जुनी पट्टी काढून तिच्या लेबलावर पीसी३ नंतर एल आहे का ते वाचा. शक्य असेल तर जुनी पट्टी खिशात घालूनच दुकानात जा.

बसवताना पट्टी तिरकी आत सरकवा, सोनेरी दात जवळपास दिसेनासे झाले की खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिप लागल्या पाहिजेत. पावसाळ्यात अचानक स्क्रीन काळी आणि बीप-बीप असा आवाज येऊ लागला, तर मशीन गेलं असं मानू नका. पट्टी काढा, सोनेरी दात स्वच्छ पांढऱ्या खोडरबरने हलके पुसा, कण झटका, आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक हात फिरवा आणि परत बसवा. आपल्या दमट हवेत दातांवर बसलेला थर एवढ्याने जातो. नवी-जुनी पट्टी घातल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून घ्या. एकही चूक दाखवली तर सकाळी पट्टी बदलून आणा.

धूळ, खार आणि पेस्ट

हे काम नव्वद टक्के दुरुस्तीवाले आणि शंभर टक्के मालक टाळतात असं मला वाटत आलंय, आणि मुंबईत तर ते सगळ्यात गरजेचं. आमच्या नगराला एका बाजूला ठाण्याची खाडी आणि तिवरं, दुसऱ्या बाजूला पूर्व द्रुतगती महामार्ग, आणि मध्ये जुन्या म्हाडा इमारतींचा पुनर्विकास. खाडीचा दमटपणा आणि सिमेंटची बारीक धूळ एकत्र आली की पंख्यात काय होतं ते वहिनींच्या मशीनमध्ये नीट दिसलं.

पंखा वरून बघितला तर स्वच्छ वाटत होता. पात्यांवर थोडी राखाडी भुकटी, एवढंच. पंख्याचे तीन बारीक स्क्रू काढून तो उचलला तेव्हा त्याच्या तोंडाशी, तांब्याच्या नळीच्या टोकाला असलेल्या बारीक पातळ पत्र्यांवर, गादीतल्या कापसासारखा एकसंध थर बसलेला होता. चिमट्याने एका कोपऱ्यात धरून ओढला तर पूर्ण पट्टी अखंड निघून आली, जवळजवळ दोन मिलिमीटर जाड. तिच्यात केस, टॉवेलचे धागे, पिवळट चिकट तेल. स्वयंपाकघराच्या दाराशी टेबल असलं की हे तेल येतंच. पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता आणि हवा त्या पट्टीवर आपटून परत येत होती. हा थर पंखा न काढता ब्लोअर मारून जात नाही, उलट आत आणखी घट्ट बसतो.

ब्रशने झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा नको इतका वेगात फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत फिरवू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते.

मग प्रोसेसरवरची पेस्ट, जी त्याची उष्णता तांब्याच्या पट्टीत पोचवते. तांब्याच्या पट्टीजवळ स्क्रूंना १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. लावताना त्याच क्रमाने थोडे थोडे आवळायचे, काढताना उलट क्रमाने. पट्टी चिकटली असेल तर मशीन आधी पाच मिनिटं चालवून कोमट करून घ्या, बंद करून बॅटरी पुन्हा काढा, मग ती किंचित वळवत सोडवा. सरळ वर उपटू नका. जुनी पेस्ट खडूसारखी कोरडी पडलेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याच्या कापडाने चिप आणि तांबं दोन्ही चकचकीत करा. नवी पेस्ट मसुराच्या दाण्याएवढी, चिपच्या मध्यभागी. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. शेजारच्या भागांवर मऊ रबरी पॅड असतील तर ते फाटू देऊ नका, तिथे पेस्ट चालत नाही, कारण मधली फट पॅडच्या जाडीची असते.

फरक मोजायचा तर तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो आधी आणि नंतर चालवा. साफसफाईपूर्वी थोड्याशा कामात शंभर अंशांजवळ जाणारा प्रोसेसर नंतर बराच खाली राहायला हवा. नाही राहिला तर तांब्याची पट्टी चिपवर सपाट बसलेली नाही, परत उघडा.

मदरबोर्डवर कुठे हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर ती तांब्याला धरलेला गंज. मऊ टूथब्रश आणि आयसोप्रोपिलने हळूच काढा. आणि पावसात बॅग भिजून लॅपटॉपमध्ये पाणी गेलं असेल तर ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबू नका. पाण्यापेक्षा ओल्या बोर्डातून गेलेली वीज जास्त नुकसान करते. बॅटरी सोडवा आणि उघडून साफ करणाऱ्याकडे लगेच न्या. तांदळाच्या डब्यात ठेवून काही साधत नाही.

बॅटरी आणि घड्याळाचा सेल

कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा, तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत टाइप करा. तयार होणाऱ्या फाइलमध्ये मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता दोन्ही मिळतात. आत्ताची निम्म्याखाली आली आणि लॅपटॉप बाहेर न्यावा लागत असेल तर बदला. टेबलावरच राहणार असेल तर चालवा. पण टचपॅड वर उचललाय, खालचं झाकण फुगलंय, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय, अशी खूण दिसली की त्याच दिवशी बॅटरी काढा. टोचू नका, दाबू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

तारीख दर वेळी मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल संपलाय. बदलायला पाच मिनिटं लागतात. तारीख चुकीची असली की बँकेच्या साइटसुद्धा उघडत नाहीत, आणि लोक नेटला दोष देत बसतात.

विंडोज की लिनक्स

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरच्या वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेली वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी असेल तर प्रश्न नाही, एसएसडी टाका आणि ११वर जा. त्याहून जुन्यावर अटी चुकवून ११ टाकण्याच्या युक्त्या आहेत, पण ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात तिथे मी त्या वापरत नाही. पुढची अपडेट येतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

अशा मशीनसाठी मी विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकते, तिचा एक्सएफसीई हा हलका प्रकार. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट आहेत, फुकट आहे, आणि ४ जीबी रॅमवरही नीट चालतं. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते तिथेच कळतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड लगेच सुरू होतो.

पण टॅली, श्रीलिपी किंवा डिजिटल सहीचा डोंगल ज्यांच्या पोटापाण्याशी जोडलाय, त्यांनी सरसकट लिनक्सवर उडी मारू नये. ही मंडळी विंडोजवरच बरी. वहिनींकडे मी मधला मार्ग काढला : ५०० जीबीच्या एसएसडीवर आधी विंडोज १०, मग शेजारी मिंट. क्रम हाच ठेवा, आणि मिंट टाकण्यापूर्वी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोजमध्ये फक्त टॅली, सरावाला टॅलीचा एज्युकेशनल मोड आहेच, आणि नेट तोडलेलं. ब्राउझर, मेल, बँक, कॉलेजचं सगळं मिंटमध्ये. मुलगी दोन दिवसांत रुळली. मशीन आता अर्ध्या मिनिटाच्या आत उघडतं आणि पंख्याचा आवाज येत नाही.

कुठे पैसे घालू नयेत तेही सांगते. ३२ जीबीची मेमरी बोर्डवरच चिकटवलेले स्वस्त छोटे लॅपटॉप, ज्यांत २ जीबी रॅमही सोल्डर केलेली असते, तिथे वाढवायला जागाच नाही. मदरबोर्ड गेलेला असेल, किंवा स्क्रीन आणि बिजागरी दोन्ही तुटलेली असतील, तर दुरुस्तीचा आकडा आणि त्याच पिढीच्या सेकंड हँड लॅपटॉपचा भाव शेजारी शेजारी मांडा, आणि सेकंड हँड स्वस्त पडला तर तोच घ्या.

राहिली बाहेर काढलेली हार्ड डिस्क. तब्येत निळी असेल तर यूएसबी ३ची केस घेऊन त्यात बसवा, घरच्या फोटोंच्या बॅकअपला १ टीबी मिळाली. कुणाला द्यायची किंवा भंगारात घालायची असेल तर साधं क्विक फॉरमॅट पुरत नाही, फाइली परत काढता येतात. फॉरमॅटच्या खिडकीत ‘क्विक’समोरची खूण काढा, म्हणजे विंडोज सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं. १ टीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा.